सोबत येणाऱ्याचं संपूर्ण नाव

त्या वर्षीच्या रमझानात पेपरवाल्यांना कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, त्यांनी शब्दांची स्पर्धा काढली. रोज एक कूपन. कूपनात पाच-सहा सुटी अक्षरं, वाटेल तशी विस्कटून टाकलेली. ती सगळीच्या सगळी वापरून एक शब्द शोधायचा, एकही अक्षर उरता कामा नये. असे तीस दिवसांचे तीस शब्द तीस अस्सल कूपनांवर लिहायचे आणि एका मोठ्या तावावर चिकटवून कैरोला पाठवायचे. बरोबर उत्तरवाल्यांची चिठ्ठी निघणार, आणि ज्याची निघेल त्याला दोन माणसांची उमऱ्याची यात्रा. मक्का, मदिना, विमानाने, जेवणखाणासकट.

तांता शहरात शाळेच्या गल्लीत राहणाऱ्या उस्ताद बहगत कंदील यांनी ती जाहिरात तीनदा वाचली, चष्मा पुसला आणि घरात जाहीर केलं, "ही स्पर्धा माझ्यासाठीच काढलेली आहे."

यात अतिशयोक्ती नव्हती, निदान उस्तादांच्या मते. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या अर्जांतल्या भाषेच्या चुका काढल्या होत्या. ते त्यांचं काम नव्हतं, पण माणसाने आपल्या कामापुरतंच पाहिलं तर भाषेचं काय होईल? शेतकरी कालव्याच्या पाण्यासाठी रडत यायचा आणि क्रियापद सुधारून परत जायचा. पाणी मिळायचं नाही ती गोष्ट वेगळी.

"दोन माणसांची?" त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिचे हात पिठाचे होते. "अहो, खरंच दोघांची लिहिलंय?"

या बाईचं नाव काय ते विचारू नका. त्या गल्लीत ते विचारायची पद्धत नव्हती आणि सांगायची तर मुळीच नव्हती. गल्लीला ती सामेहची आई म्हणून ठाऊक होती. चारचौघांत तिचा विषय निघालाच तर उस्ताद खाली बघून "घरची मंडळी" म्हणायचे. तर ही सामेहची आई. दहा वर्षांपूर्वी सामेह टायफॉइडने एकोणीस दिवस इस्पितळात पडला होता तेव्हा तिने नवस बोलला होता, पोरगा उठून बसला तर मी अल्लाच्या घरी जाऊन येईन. पोरगा उठून बसला, मोठा झाला, कुवेतला नोकरीला लागला, आईला महिन्याला एक पत्र पाठवू लागला. नवस मात्र तसाच राहिला. जायचं कशाने? उस्तादांचं निवृत्तिवेतन गल्लीच्या टोकापर्यंत जेमतेम पोहोचायचं.

"दोघांची," उस्ताद म्हणाले. "तू बॅग भरायला घे."

पहिल्या दिवशी अक्षरं आली सहा. ल, क, त, ब, र आणि अलिफ, म्हणजे आ; अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात. उस्ताद दुपारच्या नमाजानंतर बसले. उपाशी पोट, कोरडा घसा, हातात पेन्सिल. कल्ब सापडला, म्हणजे हृदय. बकर सापडलं, म्हणजे गुरं. मग कसं कोण जाणे, किताल सापडलं, म्हणजे लढाई, आणि तेवढ्यावरून खाली पेपर विकणाऱ्याशी दोन मिनिटं भांडणही झालं. सहाही अक्षरांचा शब्द काही निघेना. संध्याकाळी सामेहची आई इफ्तारची तयारी करत होती. टोपली जमिनीवर ठेवता ठेवता तिने कागदावर एक नजर टाकली.

"बुर्तुकाल," ती म्हणाली.

"काय?"

"संत्रं. बुर्तुकाल. सहा अक्षरं आहेत ना?"

उस्तादांनी टोपलीकडे पाहिलं. टोपलीत संत्रीच होती. "मी तिथेच येत होतो," ते म्हणाले. "तू मध्ये बोललीस म्हणून तुझ्या तोंडून गेला. माणसाने विचार करत असताना मध्ये बोलू नये."

त्यानंतर रोज हेच. उस्ताद दुपारभर शब्दाच्या जवळ जवळ जायचे, आणि ऐन वेळी ही बाई मध्ये बोलायची. एकदा त्यांनी 'नबील' शोधला, म्हणजे थोर मनाचा, चार अक्षरांचा अगदी चोख शब्द. दोन अक्षरं उरली तर ती उर्मटपणे उरली, यात शब्दाचा काय दोष? तर ही म्हणते, "झंजबील. आणि आलं संपलंय, येताना आणा." उस्तादांना आल्याचा राग आठवडाभर होता. आणखी एका दिवशी त्यांनी 'शम्स' काढला, म्हणजे सूर्य, आणि बाकीच्या तीन अक्षरांशी झगडत होते. ती पाण्याचा तांब्या ठेवायला आली, बघितलं आणि गप्प उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मुस्तशफा." इस्पितळ. आणि तांब्या ठेवून गेली. त्या दिवशी उस्तादांनी मध्ये बोलल्याबद्दल काही म्हटलं नाही. शब्द मात्र लिहून घेतला.

गल्लीत बातमी पसरली होतीच. इफ्तारनंतर मुअल्लिम झकीच्या कॉफीघरात उस्ताद खुर्ची पुढे ओढून बसायचे, आणि लोक विचारायचे, "उस्ताद, आजचा किती वेळात?"

"छे, वेळ कसला," उस्ताद म्हणायचे. "अक्षरं स्वतःहून रांगेत उभी राहतात. माणसाला भाषेचा वचक हवा."

सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे हाजी दसूकी, जे खरोखरीची हज करून आले होते आणि कोणालाही ते विसरू देत नव्हते, त्यांचं म्हणणं असं की शब्द शोधण्याआधी दोन रकात नमाज जास्तीचा पढावा. मुअल्लिम झकी म्हणाला, पाकिटाला डावा हात लावू नका. औषधांच्या दुकानाचे डॉक्टर लमई ख्रिस्ती होते, त्यांना या यात्रेशी काही देणंघेणं नव्हतं. पण सल्ला द्यायला धर्म कशाला आड येतो? ते म्हणाले, "उस्ताद, नियम वाचलेत का नीट? शेवटचं पान?"

"डॉक्टर, मी नियम लिहिणाऱ्या खात्यात होतो."

सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला.

इतर लोकांना आनंद झाला. रेडिओवर उद्या ईद असं जाहीर झालं, मुलं रस्त्यावर आली, बायकांनी खजुराच्या बिस्किटांचे डबे काढले. उस्ताद मात्र कूपनं मोजायला बसले. रमझान एकोणतीस दिवसांचा, कूपनं तीस! त्यांनी पेपर उलटापालटा केला, तेव्हा आतल्या पानावर खाटकाच्या जाहिरातीखाली बारीक ओळ सापडली: चंद्र लवकर दिसल्यास तिसावं कूपन ईदच्या अंकात.

आता ईदच्या सकाळी आमच्याकडे पेपर कोण वाचतो? आमच्याकडे त्या सकाळी पेपर अंथरतात. मैदानात नमाज, हजारो माणसं, चटया पुरत नाहीत, म्हणून जो तो पहाटे पेपर घेतो आणि अंगाखाली घालतो. नवा झब्बा घालून उस्ताद धावत पेपरवाल्याकडे पोहोचले तेव्हा तो मोकळ्या फळीवर बसून बिस्किट खात होता. "संपले. ईद मुबारक, उस्ताद," तो म्हणाला.

उस्ताद मैदानात आले आणि रांगांमधून खाली बघत चालू लागले. लोक सरकून जागा देत होते, त्यांना वाटलं म्हातारा चप्पल शोधतोय. पेपर पुष्कळ होते, पण कोणी क्रीडापान अंथरलेलं, कोणी निधनवार्ता. शेवटी नवव्या रांगेत सापडलं! एक अवाढव्य मासेविक्या बसला होता आणि त्याच्या डाव्या गुडघ्याच्या अलीकडे कूपनाची चौकट दिसत होती. उस्ताद त्याच्या शेजारी घुसले. तेवढ्यात इमामाने सुरुवात केली.

त्या नमाजात उस्तादांनी अल्लाला काय सांगितलं ते अल्लाला माहीत, पण त्यांची नजर तिरकी होती. मासेविक्या वाकला की कूपन दिसायचं, बसला की गुडघ्याखाली जायचं. पुढे खुतबा झाला, लांबलचक प्रवचन, शेजाऱ्याच्या हक्कांवर. तो संपल्या संपल्या उस्ताद म्हणाले, "भाऊ, ईद मुबारक, तुमचा पेपर द्याल का?"

"बसायला घेतलाय, वाचायला नाही," मासेविक्या म्हणाला, पण उठला आणि ईद म्हणून देऊन टाकला. कूपनावर गुडघ्याचा ओला गोल उठला होता आणि पाचांतलं एक अक्षर पार पुसून गेलं होतं. उस्तादांनी उरलेल्या चारांतून 'सफर' काढलं, एक अलिफ उरला, आणि त्यांनी डोकं धरलं.

सामेहची आई बिस्किटांवर साखर भुरभुरवत होती. "मीम असणार ते," ती म्हणाली. "मुसाफिर." आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती शब्द सांगून हसली. "म्हणजे आपणच की हो."

इथपर्यंत सगळं झालं. माती खाल्ली ती पुढे.

ईदच्या तिसऱ्या दिवशी उस्ताद ताव घेऊन कॉफीघरात गेले. घरी बसून चिकटवता आलं असतं, पण मग बघितलं कोणी असतं? झकीने खळ दिली, हाजी दसूकींनी ताव धरला, डॉक्टर लमईंनी कात्री आणली. तीस कूपनं ओळीत बसली, लोक वाहवा करत होते. खाली मजकूर भरायचा होता. स्पर्धकाचं संपूर्ण नाव: बहगत शुक्री कंदील. पत्ता: घर चौदा, मजला तिसरा. आणि त्याखाली: सोबत येणाऱ्याचं संपूर्ण नाव.

पेन थांबलं.

सात डोकी तावावर वाकलेली होती. झकीची हनुवटी उस्तादांच्या खांद्यावर होती. बत्तीस वर्षं ज्या बाईचं नाव या गल्लीत कोणाच्या कानावर जाऊ दिलं नाही, ते आता कॉफीघराच्या टेबलावर, चहाच्या डागांशेजारी, सात माणसांसमोर लिहायचं? उद्या झकी पेले धुताना ते नाव घोकेल. न्हावी ऐकेल. गल्लीतली टवाळ पोरं भिंतीवर लिहितील.

उस्तादांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: घरची मंडळी.

"शाब्बास!" हाजी दसूकी म्हणाले. "याला म्हणतात पुरुषाची इज्जत."

"पण उस्ताद," डॉक्टर लमई म्हणाले, "पासपोर्ट मंडळीच्या नावाने निघतो का?"

"डॉक्टर, पेपरवालेही मुसलमानांचीच लेकरं आहेत. त्यांना कळतं."

घरी आल्यावर तिने दारातच विचारलं, "माझं नाव लिहिलंत ना?"

"लिहिलं, लिहिलं," उस्ताद म्हणाले आणि हात धुवायला गेले.

महिन्याभराने चिठ्ठी निघाली, आणि ती उस्तादांची निघाली! अशा गोष्टी होतात. गल्लीत सरबत वाटलं. हाजी दसूकींच्या बायकोने जिन्यात उभं राहून असा आनंदाचा चीत्कार काढला की डॉक्टर लमईंच्या दुकानातली बाटली पडली. सामेहची आई दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याकडे जाऊन पासपोर्टचे फोटो काढून आली, आठ प्रती. तिने पांढरं कापड आणलं आणि दोघांचे कपडे शिवायला घेतले. चाळीस वर्षांची दिसत होती ती त्या आठवड्यात, हे उस्तादांच्याही लक्षात आलं, पण असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

कैरोच्या कचेरीत कागद पुरे करायला जायचं होतं. उस्ताद एकटे जाणार होते, पण झकी आणि हाजी दसूकी म्हणाले, "आम्ही साक्षीला." नको कसं म्हणणार? तिघं गाडीने गेले. कचेरीत एक खिडकी, खिडकीमागे जाड चष्म्याची एक बाई, बाईच्या पुढ्यात उस्तादांचा ताव.

"सोबत कोण?" बाई म्हणाली.

"लिहिलंय त्यात."

"'घरची मंडळी' लिहिलंय. या नावाचं ओळखपत्र कुठल्या कचेरीत मिळतं ते मला सांगा, मी पण काढते."

झकी मागे फिसकन हसला. उस्तादांचे कान तापले. "मॅडम, आमच्याकडे चांगल्या घरात..."

"आमच्याकडेही चांगलीच घरं आहेत, उस्ताद. हे बघा, चूक दुरुस्त करता येते. स्पर्धकाने खाडाखोड केली तर ताव बाद, म्हणून मी माझ्या हाताने लिहीन. तुम्ही नाव सांगा, मी लिहिते, शिक्का मारते, संपलं. पण आत्ता. दोन वाजता यादी यात्रा कंपनीकडे जाते."

भिंतीवर पावणेदोन झाले होते. उस्तादांनी मागे पाहिलं. हाजी दसूकी एका खांद्यापाशी, झकी दुसऱ्या. दोघांचे कान ताठ. जरा बाजूला व्हा म्हणणं सोपं होतं. पण तसं म्हणायचं म्हणजे बत्तीस वर्षं सोबत बसणाऱ्यांवर अविश्वास दाखवायचा. उस्तादांनी तोंड खिडकीच्या भोकाला लावलं आणि नुसतेच ओठ हलवले.

"मोठ्याने सांगा," बाई म्हणाली. "उस्ताद, मी रोज दहा बायकांची नावं लिहिते. अजून एकीचंही काही झिजलेलं नाही."

मागे रांगेतल्या कोणीतरी "आटपा की राव" म्हटलं. हाजी दसूकी खोकले. आणि उस्ताद बहगत कंदील, ज्यांच्यासमोर अक्षरं स्वतःहून रांगेत उभी राहतात, ते ताठ झाले आणि म्हणाले, "मी एकटाच जाणार आहे."

बाईने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग तिने लिहिलं, 'सोबत: कोणी नाही', शिक्का मारला आणि सही करायला कागद पुढे सरकवला. उस्तादांनी वळणदार सही केली.

परतीच्या गाडीत हाजी दसूकींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. उस्तादांना ती लागली.

घरी त्यांनी सांगितलं, "त्यांनी बक्षीस कमी केलं. एकाच माणसाचं ठेवलं. काटकसर, म्हणे." सामेहची आई शिवणयंत्राशी बसली होती. यंत्राचं चाक तिने हाताने थांबवलं. मग म्हणाली, "तुमच्या नशिबात होतं. जाऊन या." आणि आपल्या मापाचं कापड घडी करून फळीवर ठेवलं. तिने त्यांची बॅग भरली, पोटासाठी ओवा दिला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आली.

यात्रा चांगली झाली. उस्ताद झमझमचं पाणी, सात जपमाळा आणि सर्दी घेऊन परत आले. लोक त्यांना हाजी म्हणू लागले. दसूकी चिडले, की उमरा म्हणजे हज नव्हे, त्याला हाजी म्हणत नाहीत. त्यावरून दोघांत तीन आठवडे अबोला झाला, आणि त्या अबोल्यानेच घात केला. कारण रागारागाने दसूकी घरी बायकोला म्हणाले, "मोठा हाजी लागून गेला! बायकोचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही म्हणून एकटा गेला, आम्हीच तर होतो तिथे!" दसूकींच्या बायकोच्या पोटात ही गोष्ट एक रात्रही राहिली नाही.

सामेहची आई जिना उतरून आली तेव्हा उस्ताद तळलेले मासे खात होते.

"त्या बाईने नाव विचारलं होतं?" ती म्हणाली.

उस्तादांनी काटा काढायला वेळ घेतला. "तिथे झकी होता, दसूकी होता..."

"दहा वर्षं नवस माझ्या मानेवर आहे. पोरगा माझ्या मांडीवर जळत होता तेव्हा बोललेला. तीस दिवस मी तुम्हाला शब्द दिले, शब्दागणिक मला वाटायचं एक पाऊल पुढे गेले. आणि तुम्हाला सहा अक्षरं बोलायला जड गेली?"

"लोक काय म्हणाले असते?"

"इन्शिराह म्हणाले असते," ती म्हणाली. "तेच नाव आहे माझं. आणखी काय म्हणणार होते?"

उस्तादांनी झटकन खिडकी लावून घेतली, न जाणो कोणी ऐकलं असेल. तिने ते पाहिलं. ती रडली नाही, भांडी आपटली नाहीत. त्यांच्यापुढची ताटली उचलली, अर्धा मासा तसाच होता, आणि आत निघून गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी बाजारापुरतं आणि औषधापुरतं बोलू लागली. उस्तादांनी मनाशी ठरवलं, बायकांचा राग असा असतो, जाईल.

पुढच्या रमझानात पेपरवाल्यांनी स्पर्धा पुन्हा काढली. या खेपेला चिठ्ठी काढण्याआधी बरोबर उत्तरवाल्यांची पूर्ण यादी पत्त्यांसकट छापणार होते. उस्ताद पहिल्या दिवशी कूपन घेऊन बसले. दुपारभर बसले. इफ्तारच्या वेळी कागद मुद्दाम टोपलीजवळ सरकवला.

"हे काय निघतंय बघ गं जरा," ते म्हणाले.

"विचार करताना मध्ये बोलू नये," ती म्हणाली आणि सूप वाढलं.

मग उस्तादांनी एकट्याने किल्ला लढवला. काही शब्द निघाले. काही निघेनात, तर त्यांनी ते काढले. शब्दकोशात नसला म्हणून काय झालं, नियमाने होऊ शकतो ना? चौतीस वर्षांच्या अनुभवाला काही किंमत आहे की नाही? एवढं मात्र त्यांनी पाहिलं, की रोज सकाळी सामेहची आई गच्चीतून दोरीची टोपली खाली सोडते आणि पेपरवाला त्यात दुसरा पेपर ठेवतो. फळ्यांवर अंथरायला घेत असेल, असं त्यांना वाटलं. विचारायचं त्यांनी टाळलं.

यादी रमझाननंतरच्या महिन्यात, शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात आली. कॉफीघरात गर्दी झाली, उस्ताद मधल्या खुर्चीवर. दसूकींशी समेट झाला होता, तेही होते. झकी मोठ्याने वाचत होता, एकेक नाव, एकेक पत्ता. वाचता वाचता तो अडखळला.

"इन्शिराह मुतवल्ली अल-बद्री. तांता, शाळेची गल्ली, घर चौदा, मजला तिसरा." त्याने मान वर केली. "उस्ताद, हे तर तुमचं घर! ही कोण बाई?"

आमच्याकडे बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावतात, त्यामुळे नावावरून काही कळायला मार्ग नव्हता. पण पत्त्यावरून होता. डॉक्टर लमई आपल्या पेल्यात बघत राहिले. हाजी दसूकींनी एकदम जपमाळ काढली. सगळं कॉफीघर उस्तादांच्या तोंडाकडे बघत होतं.

"भाडेकरू असेल कोणी," उस्ताद म्हणाले.

"भाडेकरू? तुमच्या तिसऱ्या मजल्यावर?"

"हल्ली कोण कुठे राहतं काही कळत नाही, मुअल्लिम. तुम्ही पुढे वाचा."

झकीने पुढे वाचलं. दोनशे सात नावं झाली आणि यादी संपली. "तुम्हाला धड वाचता येत नाही," असं म्हणून उस्तादांनी पेपर ओढून घेतला, चष्मा चढवला, आणि पहिल्या नावावर बोट ठेवून खाली सरकत गेले. बोट एका जागी जरा थांबलं, मग पुढे गेलं. शेवटाला पोहोचल्यावर त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. यादी त्यांनी दोनदा वाचली, त्यांचं नाव नव्हतं.